गच्ची यांची, खिडकी त्यांची: उपनगरातल्या मोबाईल टॉवरची तीस वर्षं

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा.

गेल्या महिन्यात बोरिवली पश्चिमेतल्या एका सोसायटीने सर्वसाधारण सभेला मला बोलावलं. चार मजली जुनी बिल्डिंग. गच्ची गळते, वॉटरप्रूफिंगला पैसे नाहीत, सिंकिंग फंडात खडखडाट. अशात एका मोबाईल कंपनीचा माणूस येऊन गेला: गच्चीवर अँटेना लावू द्या, दरमहा भाडं देतो. सेक्रेटरी खूश. कमिटी खूश. मग चौथ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. म्हणाल्या, "मी कॅन्सरमधून उठलेली बाई आहे. माझ्या डोक्यावर ते यंत्र नको."

सभेत शांतता पसरली. त्यावर कोण काय बोलणार? शेवटी सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "तुम्ही पत्रकार आहात. तुम्हीच सांगा, धोका आहे की नाही?"

मला दोन वाक्यांत सांगता आलं नाही. त्याचं एक कारण असं की या विषयावर एकेकाळी मी स्वतःच चुकीचं लिहिलंय. ते पुढे येईलच. आधी इतिहास सांगतो, कारण तो माहीत नसला की सभेत फक्त भांडण होतं.

*१. लहरी मोबाईलच्या आधीपासून आहेत*

मुंबईच्या हवेत रेडिओ लहरी आल्या त्याला शंभर वर्षं होत आली. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते. ट्रान्समीटरची ताकद होती दीड किलोवॅट. पुढे आकाशवाणी वाढली, आणि तिचे मोठे मीडियम वेव्ह ट्रान्समीटर उपनगरात आले, मालाडला, मालवणीत. मार्वेकडे जाताना ते उंच खांब बघत आपल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या. अस्मिता वाहिनीच्या ट्रान्समीटरची ताकद शंभर किलोवॅट, म्हणजे एक लाख वॅट. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि वरळीचा टीव्ही टॉवर शहराची खूण बनला.

मोबाईलच्या एका अँटेनात जाणारी ताकद त्या काळात साधारण वीस वॅट असायची. मग लाख वॅटवर कोणी मोर्चा काढला नाही आणि वीस वॅटवर घराघरात भांडणं झाली, असं का?

लोकांना अडाणी म्हणून हा प्रश्न निकालात काढता येत नाही. आकाशवाणीचा खांब मोकळ्या जागेत, कुंपणाच्या आत, घरांपासून लांब असतो. मोबाईलची अँटेना आपल्या बेडरूमच्या खिडकीसमोर आली. लहरींचा जोर अंतराच्या वर्गाने कमी होतो. अंतर दुप्पट केलं तर जोर एक चतुर्थांश, तिप्पट केलं तर एक नवमांश. म्हणजे प्रश्न जितका ताकदीचा आहे तितकाच अंतराचाही आहे. हा एक नियम लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

*२. सोळा रुपये मिनिट ते गल्लीगल्लीत टॉवर*

३१ जुलै १९९५. कोलकात्यातून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाईलवरून फोन लावला. देशातला तो पहिला मोबाईल कॉल. मुंबईत सुरुवातीला परवाने दोघांकडे होते: बीपीएल मोबाईल आणि हचिसन मॅक्स, म्हणजे आपलं जुनं मॅक्स टच. मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर, आणि आलेल्या कॉललाही पैसे! त्यामुळे ज्याच्याकडे मोबाईल तो एकतर बिल्डर, नाहीतर डॉक्टर. टॉवर मोजकेच आणि उंच इमारतींवर. उपनगरातल्या चाळीचा आणि मोबाईलचा काही संबंधच नव्हता.

चित्र पालटलं २००३ मध्ये. इनकमिंग फुकट झालं. त्याच पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरून हँडसेट देण्याची योजना आणली. भाजीवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या, घरकाम करणाऱ्या मावशींच्या हातात फोन आला. माणसं वाढली की टॉवर वाढणारच. कारण एक अँटेना एका वेळी ठरावीक कॉलच पेलू शकते. गर्दीच्या वस्तीत जवळजवळ आणि कमी ताकदीच्या जास्त अँटेना लागतात.

मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. मी तेव्हा बदलापूरहून लोकलने येऊन-जाऊन बातमीदारी करत होतो. त्या रात्री घाटकोपर स्टेशनवर अडकलो. खिशात मोबाईल, बॅटरी अर्धी भरलेली, पण नेटवर्क नाही. कुठे वीज गेल्याने टॉवर बंद, कुठे सगळ्यांनी एकाच वेळी फोन लावल्याने लाईन तुंबलेल्या. स्टेशनबाहेर एक रुपयाच्या लाल डब्यापुढे रांग लागली होती. त्यात एक बाई तासभर उभ्या होत्या, मुलगा अंधेरीच्या शाळेत अडकला होता म्हणून. टॉवर नसणं म्हणजे काय, हे त्या रात्री उपनगराला कळलं. आज टॉवरच्या विरोधात बोलताना ती रात्र आपण विसरतो.

जानेवारी २००८ मध्ये केंद्राने १२२ नवे परवाने वाटले. तेच ते टू-जी प्रकरण. फेब्रुवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केले. पण मधल्या चार वर्षांत नव्या-जुन्या कंपन्यांना गच्च्या हव्या होत्या. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, जिथे मध्यमवर्गीय सोसायटी आणि गळकी गच्ची, तिथे एजंट हजर. लिफ्ट दुरुस्ती, रंगकाम, मेंटेनन्स, सगळ्यावर एकच उत्तर: टॉवर लावा. अनेक टॉवर महापालिकेच्या परवानगीविना उभे राहिले. कोणाला विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. भीतीचं बी तिथे पडलं.

*३. भीतीची वर्षं, आणि माझं शीर्षक*

२०१० ते २०१३ ही या विषयाची तापलेली वर्षं.

ऑगस्ट २०१० मध्ये केंद्राने आंतरमंत्रालयीन समिती नेमली. त्याच महिन्यात पर्यावरण मंत्रालयाने पक्षी आणि मधमाश्यांवर परिणाम होतो का, हे बघायला एक तज्ज्ञ गट नेमला. त्याचे अध्यक्ष आपल्या मुंबईच्या बीएनएचएसचे तेव्हाचे संचालक डॉ. असद रहमानी. डिसेंबर २०१० मध्ये पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक गिरीश कुमार यांनी टॉवरच्या लहरींवर एक अहवाल दूरसंचार खात्याला दिला. अँटेना हा त्यांचा अभ्यासाचाच विषय. त्यांचं म्हणणं, भारताची मर्यादा फार ढिली आहे, ती कित्येक पटींनी कडक करा. मलबार हिलला जुही चावला यांनी घरासमोरच्या टॉवरविरुद्ध आवाज उठवला. मग तर विषय टीव्हीवर रोजचाच झाला.

आणि ३१ मे २०११ ला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना '२-बी' गटात टाकलं. त्याचा अर्थ, कर्करोगाची शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा मर्यादित आहे. या गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कसुद्धा आहे. धोका किती मोठा, हे तो गट सांगत नाही. पुरावा किती भक्कम, एवढंच सांगतो.

आता माझी कबुली.

२०१२ मध्ये मी एका छोट्या दैनिकात उपनगराचं पान बघायचो. मुलुंडच्या एका बिल्डिंगमधून फोन आला: आमच्याकडे दोघांना कॅन्सर झालाय, समोर टॉवर आहे. मी गेलो, लोकांशी बोललो, टॉवरचा फोटो काढला. शीर्षक दिलं 'गच्चीवरचा यमदूत'. मीटरने मोजमाप झालं का, अँटेनाचं तोंड कुठल्या दिशेला आहे, टॉवर किती वर्षांपूर्वी लागला, आजार कुठले आणि कधीचे, यातलं काहीही मी विचारलं नाही. डिप्लोमाच्या वर्गात पाच 'क'कार घोकले होते, त्यातले तीन तरी मी गाळले. बातमी गाजली. कात्रण कित्येक सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर लागलं.

त्या बातमीत मी 'किरणोत्सर्ग' हा शब्द सहा वेळा वापरला होता. तेव्हा आम्ही सगळेच वापरायचो. पण तो शब्द तारापूरच्या अणुभट्टीचा आहे, हिरोशिमाचा आहे. क्ष-किरण, गॅमा किरण यांच्यात अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा असते. त्याने पेशीतला डीएनए तुटू शकतो. मोबाईलच्या लहरींमध्ये तेवढी ऊर्जा नसते, तिच्या जवळपासही नसते. त्यांचा ठामपणे सिद्ध झालेला परिणाम एकच: जास्त ताकदीने पडल्या तर ऊतक तापतं. इंग्रजीत दोन्हींना 'रेडिएशन' म्हणतात, आणि आम्ही मराठीत दोन्हींना सरसकट किरणोत्सर्ग म्हणून मोकळे झालो. लोकांची अर्धी भीती त्या एका शब्दाने वाढवली, असं मला आज वाटतं. साधं 'रेडिओ लहरी' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

*४. पण भीतीने एक चांगलं काम केलं*

भीती अतिरंजित होती म्हणून ती फुकट गेली, असंही नाही.

जगात बहुतेक देश आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या १९९८ च्या मर्यादा मानत होते. त्या अशा ठरल्या: शरीराच्या किलोमागे ४ वॅट ऊर्जा शोषली गेली तर शरीराचं तापमान लक्षात येण्याइतकं वाढू लागतं. त्याला ५० ने भागलं आणि सामान्य नागरिकांसाठी ०.०८ वॅट ही मर्यादा ठेवली. त्यावरून हवेतला जोर काढला: ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी दर चौरस मीटरला ४.५ वॅट, १८०० साठी ९ वॅट. भारताने २००८ मध्ये हे कंपन्यांच्या परवान्यात घातलं.

मग वरची आंतरमंत्रालयीन समिती म्हणाली, खबरदारी म्हणून हे आणखी दहापट कमी करा. १ सप्टेंबर २०१२ पासून ते लागू झालं: ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट, १८०० ला ०.९ वॅट. मोडणाऱ्या कंपनीला पुढे टॉवरमागे १० लाख रुपयांपर्यंत दंड ठरला. दहा टक्क्यांपर्यंत टॉवर सरकारी यंत्रणेने अचानक जाऊन तपासायचे, असंही ठरलं. शिवाय एक तक्ता आला: अँटेनाच्या समोर, तिच्याच उंचीवर जर दुसरी इमारत असेल तर किमान अंतर किती हवं. एका अँटेनाला २० मीटर, दोनला ३५, चारला ४५, सहाला ५५.

मुंबई महापालिकेनेही २०१३ मध्ये धोरण आणलं. शाळा, कॉलेज, हॉस्पिटलवर टॉवर नको. राहत्या इमारतीवर लावायचा तर ७० टक्के सभासदांची संमती, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या सर्वांची.

ओरड झाली नसती तर यातलं किती झालं असतं? माझ्या मते फार थोडं. म्हणून जे तेव्हा रस्त्यावर आले त्यांना मी हसत नाही.

*५. धोरणाने संमती चुकीच्या माणसाकडे मागितली*

आता मुख्य मुद्दा. एवढा नीट वाचा.

मोबाईलची अँटेना म्हणजे तो उभा, लांबट डबा. तिच्यातून लहरी बल्बच्या उजेडासारख्या चहूकडे पसरत नाहीत. गाडीच्या हेडलाइटसारखा झोत समोर जातो, किंचित खाली झुकलेला. बरोबर खाली फारच थोडं येतं, त्यात मध्ये काँक्रीटचा स्लॅब असतो. म्हणजे ज्यांच्या डोक्यावर टॉवर, त्यांच्या घरात लहरी सहसा कमीच. त्या जातात समोरच्या बिल्डिंगच्या खिडकीत.

ढोबळ हिशोब करू. वीस वॅटची अँटेना, झोत एका दिशेला केल्याने त्या दिशेला जोर पन्नासपट, म्हणजे हजार वॅटच्या गोल बल्बसारखा. झोताच्या बरोबर समोर २० मीटरवर मोजलं तर दर चौरस मीटरला सुमारे ०.२ वॅट. मर्यादेच्या आत. ४० मीटरवर ०.०५. पण त्याच दिशेला तशा तीन असतील तर २० मीटरवर ०.६ होतं, आणि ०.४५ ची मर्यादा ओलांडली जाते. सरकारी तक्त्यात अँटेना वाढली की अंतर का वाढतं, ते आता कळलं असेल.

म्हणजे बघा: संमती विचारायची वरच्या मजल्यावरच्या काकूंना, भाडं जाणार त्यांच्या सोसायटीला, आणि झोत जाणार रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगमधल्या माणसाच्या बेडरूममध्ये. त्याला मत नाही, भाडं नाही, नोटीससुद्धा नाही. गच्ची यांची, खिडकी त्यांची!

आणि आपल्या उपनगरात याला एक खास पदर आहे: रिडेव्हलपमेंट. पंधरा वर्षांपूर्वी जेव्हा चार मजली गच्चीवर अँटेना लागली तेव्हा आजूबाजूलाही चारच मजले होते. झोत सगळ्यांच्या डोक्यावरून जायचा. आज शेजारची बिल्डिंग पाडून तिथे बावीस मजली उभी आहे. तिचा पाचवा-सहावा मजला थेट अँटेनाच्या तोंडासमोर. अँटेना हलली नाही, पण खिडकी तिच्यासमोर आली. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, कुठेही गच्चीवर जाऊन नजर फिरवा, असं एखादं उदाहरण दिसेल. नव्या फ्लॅटचा ताबा देताना बिल्डर पार्किंग दाखवतो, जिम दाखवतो. समोरच्या अँटेनाचं अंतर कोणी मोजून दाखवत नाही.

*६. कोर्ट आणि कायदा कुठे गेले*

२०१७ मध्ये ग्वाल्हेरच्या एका घरकामगाराच्या अर्जावर सुप्रीम कोर्टाने एक टॉवर बंद करायला सांगितलं. तेव्हा वाटलं, आता दिशा बदलणार. तसं झालं नाही. २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगली जिल्ह्यातल्या चिखलहोळ ग्रामपंचायतीचा टॉवर रोखणारा ठराव रद्द केला. आरोग्याला धोका आहे असा शास्त्रीय पुरावा समोर आलेला नाही, हे त्यामागचं कारण. २०२१ मध्ये फाइव्ह-जी विरुद्ध जुही चावला दिल्ली हायकोर्टात गेल्या. दावा फेटाळला गेला आणि २० लाखांचा दंड झाला. पुढे तो दोन लाखांवर आला.

कायदाही कंपन्यांच्या सोयीचा होत गेला. ऑगस्ट २०२२ मध्ये, फाइव्ह-जीच्या तोंडावर, केंद्राने नियम बदलले: खाजगी जागेवर टॉवर लावायचा तर स्थानिक संस्थेची परवानगी लागणार नाही, फक्त लेखी कळवायचं आणि इमारत भार पेलते असं अभियंत्याचं प्रमाणपत्र द्यायचं. मग २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला, आणि त्याखालचे मार्गाधिकाराचे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले.

नेटवर्क लवकर पसरावं म्हणून हे केलं, आणि नेटवर्क आपल्यालाच हवंय. पण परवानगीची पायरी काढली की शेजाऱ्याला कळण्याची जी शेवटची जागा होती, वॉर्ड ऑफिसातली फाईल, तीही गेली. जागामालक सोसायटीची संमती लागतेच. समोरच्याला आधीही कोणी विचारत नव्हतं, आता तर त्याला चौकशी करायलाही ठिकाण उरलं नाही.

*७. आणि खिशातला टॉवर?*

सभेत काकू बोलत होत्या तेव्हा तिथे चाळीस माणसं होती आणि निदान चाळीस फोन होते. प्रत्येक फोन हा छोटा ट्रान्समीटरच. जुन्या टू-जी फोनची कमाल ताकद दोन वॅट, सरासरी पाव वॅट. टॉवरपेक्षा खूपच कमी. पण अंतर बघा: टॉवर तीस-चाळीस मीटरवर, फोन कानाला चिकटलेला. म्हणून बहुतेकांच्या डोक्याला टॉवरपेक्षा जास्त लहरी स्वतःच्या फोनमधून मिळतात.

फोनसाठी मोजमाप वेगळं: एसएआर, म्हणजे शरीर किलोमागे किती वॅट शोषतं. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात एक ग्रॅम ऊतकावर सरासरी १.६ वॅट ही मर्यादा आहे. आधी ती दहा ग्रॅमवर २ वॅट होती. तुमच्या फोनवर *#०७# डायल करा, बऱ्याच फोनमध्ये आकडा दिसतो. हे आकडे कागदावरचे राहू नयेत म्हणून कोणीतरी तपासावं लागतं. सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या सरकारी संस्थेने आयफोन १२ हातात धरून वापरण्याच्या चाचणीत तपासला. मर्यादा ४ वॅट, मिळाले ५.७४. विक्री थांबवली गेली आणि अ‍ॅपलला तिथे सॉफ्टवेअर बदलून द्यावं लागलं.

आणि यातली गंमत अशी: टॉवर लांब असला, सिग्नल एक काडी असला, की फोन ओरडून बोलतो. म्हणजे आपली ताकद वाढवतो. टॉवर जवळ, सिग्नल भरपूर, की फोन कुजबुजतो. गल्लीतला टॉवर हटवला तर समोरच्या खिडकीतल्या लहरी कमी होतील, पण गल्लीतल्या प्रत्येक कानाजवळच्या वाढतील. हा हिशोब आमच्या २०१२ च्या कुठल्याही बातमीत नव्हता.

*८. मग कॅन्सर होतो की नाही?*

आजवरचा पुरावा सांगतो, होत असल्याचं दिसलेलं नाही. अमेरिकेत उंदरांवर मोठा प्रयोग झाला, त्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. रोज नऊ तास, दोन वर्षं, संपूर्ण शरीरावर जास्त मात्रेत लहरी. नर उंदरांच्या हृदयात काही गाठी दिसल्या, पण तेच उंदीर लहरी न दिलेल्या उंदरांपेक्षा जास्त जगले. माणसांवरच्या ६३ अभ्यासांचा एकत्रित आढावा जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतला, तो सप्टेंबर २०२४ मध्ये छापून आला. मोबाईल वापरामुळे मेंदूचा कॅन्सर वाढल्याचं त्यात आढळलं नाही. दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. कोट्यवधी लोक तीस वर्षं फोन वापरतायत, मोठा धोका असता तर एव्हाना आकड्यांत दिसला असता.

'धोका शून्य' असं शास्त्र कधीच म्हणत नाही. म्हणूनच मर्यादा ठेवायच्या, आणि त्या पाळल्या जातात का ते मोजायचं. घाबरून उपयोग नाही आणि 'काही होत नाही हो' म्हणून झटकूनही उपयोग नाही. मोजमाप मागायला हवं.

*९. सभेत शेवटी काय झालं*

मी काकूंना म्हणालो, "काकू, तुमचा आजार टॉवरने झाला नव्हता, कारण इथे टॉवरच नव्हता. आणि तुमच्या डोक्यावर लागला तरी तुमच्या घरात तो सगळ्यात कमी येईल. पण तुम्ही नको म्हणालात तर तो तुमचा हक्क आहे. तुम्हाला झोप लागणार नसेल तर ते भाडं महागात पडेल."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, "म्हणजे तो समोरच्या बिल्डिंगवर लावला, तर माझ्या खिडकीत येईल?"

"हो."

"मग माझ्या डोक्यावर नको म्हणून भांडण्यापेक्षा कुठे लावतायत आणि तोंड कुठे आहे, हे विचारायला पाहिजे."

मंडळी, मला जे तेरा वर्षांत नीट मांडता आलं नाही ते काकूंनी एका वाक्यात मांडलं.

सभेने निर्णय पुढे ढकलला. ठराव झाला तो असा: कंपनीने अँटेनाची संख्या, दिशा आणि समोरच्या इमारतींपर्यंतचं अंतर नकाशावर द्यावं. लावण्याआधी आणि लावल्यानंतर मोजणी करावी, तीही आपल्या चौथ्या मजल्यावर आणि समोरच्या बिल्डिंगच्या खिडकीत. समोरच्या सोसायटीला लेखी कळवावं. आणि शेजारी रिडेव्हलपमेंट झालं तर पुन्हा मोजणी, हे करारातच लिहावं. कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं की इथेच लिहीन.

तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी:

दूरसंचार खात्याचं 'तरंग संचार' नावाचं संकेतस्थळ आहे, मे २०१७ पासून. आपल्या भागात कुठे टॉवर आहेत आणि ते नियमात बसतात का, हे बघण्यासाठी ते काढलं गेलं. फी भरून आपल्या घरी मोजणीही मागता येते. सुरू झालं तेव्हा फी ४००० रुपये होती. एकट्याला जड वाटेल, वीस घरांत वाटली तर दोनशे.

गच्चीवर टॉवर लावतो, आधी 'रजिस्ट्रेशन'चे किंवा 'टॅक्स'चे पैसे भरा, असा फोन आला तर तो ठग आहे. टॉवर लावणारी खरी कंपनी तुमच्याकडून पैसे मागत नाही. दूरसंचार खातं आणि ट्राय दोघांनीही याबद्दल वारंवार सावध केलंय.

सिग्नल कमी म्हणून गल्लीतल्या दुकानातून बूस्टर आणून लावू नका. परवान्याशिवाय तो ठेवणंही गुन्हा आहे, आणि त्याने शेजाऱ्यांचं नेटवर्क बिघडतं.

लांब बोलायचं तर इअरफोन लावा. एक काडी सिग्नल असताना तासभर गप्पा नकोत. फोन उशीखाली ठेवून झोपू नका. अंतराचा नियम आठवा: चार बोटं लांब धरलात तरी बराच फरक पडतो.

'यमदूत' शीर्षकाचं ते कात्रण अजून माझ्याकडे आहे. परवा काढून वाचलं. एकही आकडा नाही त्यात. मुलुंडच्या त्या बिल्डिंगमधल्या लोकांची तेव्हाची भीती खरी होती, दुःख खरं होतं, आणि त्यांना एका मीटरच्या आकड्याची गरज होती. मी त्यांना शीर्षक दिलं. ही पोस्ट त्याची थोडी उशिराची दुरुस्ती समजा.

तुमच्या बिल्डिंगसमोर अँटेना असेल, तर खिडकीपासून अंतर अंदाजे किती आणि तोंड तुमच्याकडे आहे का, एवढं कमेंटमध्ये लिहा. सोसायटीचं नाव, पत्ता नको. नुसता विभाग पुरे. पुरेसे जण जमले तर मिळून मोजणीचा अर्ज करू.